मोडशी, पटकी, कॉलरा आणि एक फ्रेंच कुत्रा

तळटीप:
अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळातल्या, मद्रासकडच्या इंग्रजी वैद्यकीय लिखाणाचं भाषांतर चालू आहे. त्यात एका रोगाचं नाव फ्रेंचमध्ये येतं, ‘मॉर द शियँ’, म्हणजे शब्दशः ‘कुत्र्याचं मरण’. लक्षणं अशी: उलट्या, जुलाब, पोटऱ्यांत गोळे, हातपाय गार. कॉलरा वाटतो. पण कुत्रा कुठून आला? पिसाळलेल्या कुत्र्याशी काही संबंध? आणि मराठीत काय लिहू: कॉलरा, पटकी, महामारी?

कोशकीटक:
कुत्र्याचा काडीचाही संबंध नाही. शब्द आपल्याच घरचा आहे. मोडशी.

प्रवास असा झाला. पोर्तुगीजांनी गोव्यात ‘मोडशी’ ऐकलं. त्यांच्या भाषेत आपला ‘ड’ नाही. जीभ उलटी वळवून काढलेला हा आवाज त्यांच्या कानाला कधी ‘र’ लागतो, कधी ‘र्द’. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो संवादरूपात आहे. त्यात तो लिहितो की इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचं बिघडवून ‘मोर्देशी’ करतो. स्वतःच कबुली दिली आहे, त्यामुळे आपल्याला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

पुढे शेवटच्या ‘ई’ला नाकातला सूर चिकटला: ‘मोर्देशीं’. ही पोर्तुगीजांची सवयच. मलायमार्गे त्यांच्याकडे गेलेला आपला ‘मंत्री’ असाच ‘मांदारीं’ झाला, आणि तोच पुढे चीनचा ‘मँडरिन’. आता ‘मोर्देशीं’ फ्रेंच माणसाला ऐकवा. त्याच्या भाषेत ‘मॉर’ म्हणजे मरण, ‘द’ म्हणजे चा-ची-चे आणि ‘शियँ’ म्हणजे कुत्रा. अनोळखी शब्दाचे तीन ओळखीचे तुकडे पडले. रोगी तडफडून मरत होते, म्हणून अर्थही चपखल वाटला. ते रूप इंग्रजांनी उचललं आणि तेच तुमच्या कागदांत आलंय.

यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हे सगळं आहे. तिथे मूळ धातू ‘मोडणे’ दिलाय, म्हणजे शरीर मोडून पडणे, खचणे. ‘अंग मोडून आलंय’ आपण आजही म्हणतो, त्यामुळे मला ते पटतं. गोव्याचेच मोन्सेन्योर दालगादो यांच्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशातही ‘मोर्देशीं’ची नोंद आहे. ती जरूर बघा.

पेडण्याकडचा:
वरचं बरोबर, पण एक खड्डा आहे, त्यात पडू नका. शब्द मूळचा मोडशी म्हणून भाषांतरात ‘मोडशी’ लिहिलंत तर कोकण-गोव्यातला वाचक हसेल. आमच्याकडे आज मोडशी म्हणजे अजीर्ण. लग्नात चार जिलब्या जास्त झाल्या, रात्री पोट फुगलं, सकाळी दोन उलट्या, की ‘मोडशी झाली’. त्यावर ओवा, आलं-लिंबू, एक वेळ लंघन. मोडशीने कोणी मरत नाही.

सोळाव्या शतकात मात्र मरत होते. गास्पार कोर्रेया या इतिहासकाराने १५४३ च्या पावसाळ्यातली गोव्यातली साथ लिहून ठेवली आहे. शंभरात दहाही वाचत नव्हते. चर्चच्या घंटा दिवसभर वाजायला लागल्यावर लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरने त्या बंद करायला लावल्या. इस्पितळात मेलेल्या एकाचं पोट फाडून बघितलं, तर जठर कोंबडीच्या दाणे भरडणाऱ्या पेषणीसारखं आक्रसलेलं, बाकी काही सापडलं नाही.

शब्द तोच राहिला, पण त्यातला भीतीचा भाग ‘पटकी’ने घेतला. शिव्याशापांत बघा: ‘तुला पटकी येवो’ म्हणतात, ‘मोडशी येवो’ कोणी म्हणत नाही.

वॉर्ड नंबर सात:
हीच गंमत ‘कॉलरा’ शब्दाचीही आहे, आणि भाषांतरात खरी चूक तिथे होते.

ग्रीकमध्ये ‘खोले’ म्हणजे पित्त. त्यावरून ‘खोलेरा’, उलट्या-जुलाबांचा झटका. युरोपातले डॉक्टर एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘कॉलरा मॉर्बस’ हे नाव उन्हाळ्यात होणाऱ्या कुठल्याही जोरदार उलट्या-जुलाबांना देत. १८१७ मध्ये बंगालात जेसोरकडून साथ पसरली, तेव्हा हेच जुनं नाव त्या रोगाला चिकटलं. म्हणून १८१७ आधीच्या कागदात ‘कॉलरा’ दिसला तर तो आजचा कॉलरा असेलच असं नाही. उलट तुमच्या ‘कुत्र्याच्या मरणा’त तो असण्याची शक्यता जास्त.

याच पित्तातून राग निघाला. फ्रेंचमध्ये ‘कोलेर’ म्हणजे राग, ‘कोलेरा’ म्हणजे रोग. स्पॅनिशमध्ये तर शब्द एकच, फक्त लिंग वेगळं: पुल्लिंगी असेल तर रोग, स्त्रीलिंगी असेल तर संताप. स्पॅनिशवरून भाषांतर करताना उपपद वाचायचं राहिलं तर गावात संतापाची साथ येते.

आयुर्वेदातली विसूचिका हीसुद्धा मुळात अजीर्णातून होणारी; सुया टोचल्यासारख्या वेदना म्हणून ते नाव. कोशांत ‘विसूचिका = कॉलरा’ असं सरळ छापलेलं असतं. डोळे मिटून घेऊ नका.

मग ओळखायचं कसं? मजकुरात या खुणा शोधा: तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब आणि त्यात कळ फारशी नाही; लघवी बंद; आवाज बसलेला; डोळे खोल; बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली; पोटऱ्यांत गोळे; ताप सहसा नाही; एका दिवसात मृत्यू; आणि एकाच वस्तीत अनेक जण. यांतल्या बहुतेक एकत्र आल्या तर कॉलरा म्हणा. रक्त-आव आणि मुरडा असेल तर ती हगवण, वेगळा रोग.

जुन्या लिखाणात टाचेला तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याचा उपाय भेटेल. तो ‘मोर्देशीं’चाच म्हणून सांगितला जायचा, त्यामुळे ओळखायला उपयोगी, रोग्याला शून्य उपयोग. तीव्र कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या अंगातलं तासाला लिटरभरापर्यंत पाणी आणि त्याबरोबर क्षार जाऊ शकतात. ते भरून काढणं हाच मुख्य उपचार, मग सलाईन असो की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा). मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर मुलांना अपाय होतो.

जाता जाता: आजचा पेशंट ‘मोडशी झाली’ म्हणाला की केसपेपरवर ‘अजीर्ण’ लिहून मोकळं होऊ नये. किती वेळा, कसा रंग, शेवटची लघवी कधी, शेजारी कोणाला होतंय का, एवढं विचारावंच.

तळटीप:
खुणा ताडून बघितल्या. धुवणासारखे जुलाब, बसलेला आवाज, गोळे, सगळं आहे. लघवीचा उल्लेख नाही. हिंदीतला ‘हैजा’ही याच घराण्यातला का?

कोशकीटक:
नाही, तो अरबी. ‘हैदा’, त्यातलं ‘दाद’ हे खास अरबी अक्षर फारसी-उर्दूत ‘झ’ होतं. ओर्तानेही अरबी नाव दिलंय, ‘हाशाइझा’ असं काहीसं. मजकुरात ‘मॉर द शियँ’ तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘पटकी’ लिहा आणि टीप एवढीच द्या: ‘कोकणी-मराठी मोडशी, पोर्तुगीज मोर्देशीं यावरून, कुत्र्याशी संबंध नाही.’ पटकी यासाठी की १७८० च्या आसपासच्या माणसाच्या तोंडी ‘कॉलरा’ घातला की वाचकाला लगेच जंतू आठवतो, आणि जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉखने तो कलकत्त्यात वेगळा काढला १८८४ मध्ये.