अनुभव धागा : अमेरिकेतली चेक मंडळी, त्यांचे लॉज आणि कोलाचे

सीडर रॅपिड्स, आयोवा

विमानाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही या गावात आलो. शेजारी ऐंशी पार केलेल्या चेक वंशाच्या, म्हणजे मध्य युरोपातल्या चेक देशातून आलेल्या घराण्यातल्या, आजी. त्यांच्या स्वयंपाकघरात देवाच्या तसबिरीशेजारी एक पिवळा पडलेला कागद चौकटीत होता : वडिलांच्या वडिलांचा लॉजच्या (लॉज म्हणजे मदतसंघाची गावातली शाखा) सभासदत्वाचा दाखला, अख्खा चेक भाषेत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आजोबा मांसाच्या कारखान्यात होते. ते गेले तेव्हा आजीला घर विकावं लागलं नाही, ते या कागदामुळे."

मग मी वाचायला लागलो. १८५४ साली सेंट लुईसमध्ये चेक स्थलांतरितांनी सी. एस. पी. एस. नावाचा मदतसंघ काढला. सगळ्यांनी वर्गणी भरायची, कुणी गेलं की घरच्यांना ठरलेली रक्कम मिळायची. पुढे पश्चिमेकडच्या लॉजना वयाप्रमाणे हप्ते हवे होते आणि बायकांना बरोबरीचं सभासदत्व. ते जमेना, म्हणून १८९७ मध्ये त्यांनी ओमाहात झेड. सी. बी. जे. ही वेगळी संस्था उभी केली. नाच, नाटक, वाचनालय, सगळं या विम्याच्या खांबाला धरून वाढलं. परदेशात मंडळं चालवणाऱ्या आपल्या लोकांनी हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

अशा मंडळींच्या घरात, हॉलमध्ये, स्मशानात तुम्हाला काय दिसलं, ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

फेएट काउंटी, टेक्सस

मी या घरात सून म्हणून आले, त्यामुळे जरा जास्त लिहीन.

सासरे मोरावियातून, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागातून, आलेल्यांच्या पाचव्या पिढीतले. टेक्ससचे बहुतेक चेक मोरावियाचेच, गॅल्व्हस्टनच्या बंदरात उतरून काळ्या मातीच्या शोधात आत आलेले. नवऱ्याचा चेक शब्दसाठा विसेक शब्दांचा, पण आजी-आजोबांना तो अजूनही 'स्तारेंका' आणि 'स्तारेचेक' म्हणतो. प्रागमध्ये 'बाबिच्का' आणि 'देदेचेक' म्हणतात, हे आम्हाला तिकडे फिरायला गेल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी कोलाचे शिकवले. यीस्टचं मऊ पीठ, दोनदा फुगवायचं, बोटांनी मधे खळगा करायचा, त्यात जर्दाळू, सुके प्लम, गोड चीज किंवा खसखस भरायची, वरून लोणी-साखर-मैद्याचा चुरा. खसखस काळी असते. ती दळून दुधात शिजताना जो वास सुटला, त्याने मला दिवाळीतल्या अनारशांची आठवण झाली आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. सासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त डाव माझ्या हातात दिला. एक गोष्ट त्या प्रत्येकाला बजावतात : आत सॉसेज असेल तर तो 'कोलाचे' नव्हे, तो 'क्लोबासनिक', आणि तो इथे टेक्ससमध्ये जन्मला.

इथली तशीच मदतसंस्था म्हणजे एस. पी. जे. एस. टी., तीही १८९७ चीच. सभासद एकमेकांना अजून 'ब्रदर', 'सिस्टर' म्हणतात. लग्नाचं आमचं जेवण लॉजच्या हॉलमध्येच झालं. लाकडी जमीन, भिंतीकडेने बाकं, पोल्का हा जोडीचा नाच सुरू झाल्यावर सत्तरीच्या बायका माझ्या आईला हाताला धरून घेऊन गेल्या. आई नऊवारीत होती. तिला पोल्का येत नव्हता, फुगडी येत होती, आणि ती पुरली.

दर १५ ऑगस्टला आम्ही प्राहा गावच्या जत्रेला जातो. गाव म्हणजे चार घरं आणि आतून छतापर्यंत रंगवलेलं चर्च. त्या एवढ्याशा वस्तीची नऊ मुलं दुसऱ्या महायुद्धात गेली. चर्चशेजारच्या दफनभूमीत सासरे नऊही नावं मोठ्याने वाचतात, दरवर्षी, न चुकता.

बर्विन, शिकागोजवळ

मी नर्स आहे. रोज चर्माक रोडवरून ये-जा करते. तो रस्ता अँटन चर्माक यांच्या नावाचा : बोहेमियात, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागात, जन्मलेले, कोळशाच्या खाणीत काम केलेले, पुढे शिकागोचे महापौर. १९३३ मध्ये मायामीत गोळी लागून गेले.

एका पेशंटच्या मुलीबरोबर मी बोहेमियन नॅशनल सेमेटरीत गेले होते. ही दफनभूमी १८७७ ची. एका चेक बाईला कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली गेली, तेव्हा चिडलेल्या लोकांनी वर्गणी करून स्वतःची जमीन घेतली. तिथे एकाच तारखेचे दगड पुन्हा पुन्हा दिसतात : २४ जुलै १९१५. त्या सकाळी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कामगारांना सहलीला नेणारी ईस्टलँड बोट धक्क्याला बांधलेली असतानाच शिकागो नदीत कलंडली. ८४४ माणसं गेली, त्यात शिकागोजवळच्या सिसेरो गावातल्या चेक वस्तीतली कितीतरी. एका दगडावर नवरा, बायको आणि मूल, तिघांचीही तीच तारीख. मी आयसीयूत पंधरा वर्षं काढली आहेत, तरी त्या दगडापुढे मला उभं राहवेना.

ह्यूस्टन

मी आधी छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात स्कोडा या चेक मोटार कंपनीत होतो. तिथे आलेल्या चेक इंजिनिअरांकडून 'दोब्री देन' (नमस्कार) आणि 'द्येकुयी' (धन्यवाद) एवढं शिकलो. डॅलसला जाताना वेस्ट गावातल्या बेकरीत एका आजोबांना 'दोब्री देन' म्हटलं. ते दोन मिनिटं माझ्याशी चेकमध्ये बोलत राहिले. मला काही कळलं नाही, पण मी थांबवलंही नाही. शेवटी इंग्रजीत म्हणाले, "बायको गेल्यापासून हे बोललोच नव्हतो."

डेकोरा, आयोवा

माझं छोटंसंच. जवळच्या स्पिलव्हिल गावात चेक संगीतकार द्वोर्झाक १८९३ चा उन्हाळा राहिले होते. रोज सकाळी तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि 'अमेरिकन' म्हणून ओळखलं जाणारं त्यांचं चतुर्वादन (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) तिथेच लिहिलं गेलं. माझी मुलगी व्हायोलिन शिकते. त्या चर्चच्या बाकावर ती तासभर नुसती बसून होती.

आणि दादा, तुम्ही आयोवातले म्हणून विचारते : १९१८ च्या भाषाबंदीबद्दल आजी कधी काही बोलल्या का?

सीडर रॅपिड्स, आयोवा

बोलल्या, ताई. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयोवाचे राज्यपाल हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. रोख जर्मनांवर होता, पण चेकही त्यात आले. आजींचे वडील तेव्हा शाळकरी. घराबाहेर गप्प राहायची सवय त्यांना लागली ती लागलीच. आपल्या मुलांशी ते चेक बोललेच नाहीत. म्हणून आजींना तो भिंतीवरचा कागद वाचता येत नव्हता.

आजी मार्चमध्ये गेल्या. नातीने दाखला इथल्या चेक आणि स्लोव्हाक संग्रहालयाला द्यायचं ठरवलं आणि मला सोबत बोलावलं. २००८ च्या पुरात हे संग्रहालय बुडालं होतं. २०११ मध्ये त्यांनी ती १५०० टनांची इमारतच उचलून सुमारे दीडशे मीटर पलीकडे, उंचावर नेऊन ठेवली. तिथल्या बाईंनी चौकट हातात घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत सगळं चेकमध्ये वाचून दाखवलं. खापरपणजोबांचं नाव आलं तेव्हा नातीने त्यांना थांबवलं आणि ते पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.