थर्मलमध्ये डुक्कर दिसून नाही रायलं, मदत हवी

उमरेडचा_भाऊ: साळा इंग्लंडात असतो, तिकडं हरणं अन् कोल्हे मारायला जातात त्यातली थर्मलची, म्हणजे अंधारात अंगची उष्णता दाखवणारी, दुर्बीण त्यानं मला दिली. चार रात्री झाल्या पाहून रायलो पण सगळं करडंच, मधात एक पांढरा गोळा हलते बस. हरभरा अर्धा संपवला डुकरांनी. लवकर सांगा.

सदर_नागपूर: सेन्सर कितीचा? लेन्स किती एमएम? किती मीटरवरून पाहता? काहीच लिहिलं नाही तर काय सांगू.

उमरेडचा_भाऊ: ३८४ का काय आहे, लेन्स ३५. खोक्यावर १८०० मीटर लिहिलं आहे, माझं शेत तर २०० मीटरपण नाही.

वनप्रेमी_७२: शिकारीचा विचार असेल तर आधीच सांगतो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. हरणाला हात लावला की आत.

उमरेडचा_भाऊ: अहो मारायचं कोणाला आहे? दिसलं की टॉर्च मारून हाकलतो.

सदर_नागपूर: तो १८०० चा आकडा म्हणजे तिथं काहीतरी गरम आहे एवढंच कळतं. डुक्कर की रोही (नीलगाय) की तुमचा गडी, हे त्याच्या बऱ्याच अलीकडे कळते. समोरची रिंग फिरवून फोकस केला का?

काटोल_संत्रा: फोकसबिकस सोडा, कुंपणाला हलका शॉक देणारी झटका मशीन लावा, माझ्या बागेत दोन वर्षं झाली एक डुक्कर नाही.

वनप्रेमी_७२: झटका मशीनचं ठीक, पण लाइनची तार सरळ कुंपणाला नका जोडू कोणी, माणसं मरतात.

काटोल_संत्रा: मी तारेचं बोललोच कुठं बे?

लंडनवाला_वऱ्हाडी: एक माहिती म्हणून, इंग्लंडात कोल्हा रात्री मारता येतो पण हरीण रात्री मारायला लायसन लागते, १९९१ चा डिअर ॲक्ट. साळ्याला विचारा.

उमरेडचा_भाऊ: माझ्या हरभऱ्याचं बोला ना कोणी!

हिंगण्याचा_मास्तर: उन्हाळ्यात जमीन तापून असते म्हणून जनावर उठून नाही दिसत, पण आता जानेवारीत मस्त दिसायला पाहिजे. बसता कुठं?

उमरेडचा_भाऊ: बांधावर गाडी लावून आतच बसतो, थंडी काय आहे इकडं माहीत आहे नं.

हिंगण्याचा_मास्तर: काच बंद करून?

उमरेडचा_भाऊ: मग काय उघडी ठेवू?

हिंगण्याचा_मास्तर: हेच तर! साध्या काचेतून ती उष्णता पारच होत नाही भाऊ, म्हणून तर दुर्बिणीची लेन्स जर्मेनियमची असते, त्यातून उष्णता पार होते. काच उलट आरशासारखी काम करते. तो पांढरा गोळा म्हणजे तुमचंच थोबाड.

सदर_नागपूर: चार रात्री स्वतःवर पाळत 😂

काटोल_संत्रा: म्हणून म्हणतो झटका मशीन.

उमरेडचा_भाऊ: काच खाली करून पाहिलं. दोन रोही, पिलांसकट डुकरीण, अन् धुऱ्यावर आमचाच मोत्या झोपलेला. मफलर बांधून बसलो आहे. पण दर मिनिटाला टिक करून चित्र थांबते, हे काय आता?

हिंगण्याचा_मास्तर: आतलं शटर आहे, कॅलिब्रेशन करते, म्हणजे सेन्सर जुळवून घेते. बिघाड नाही. टॉर्च मारा आधी.