मदत हवी आहे: एलिट डेंजरसमध्ये लांबच्या सफरीला निघायचंय, शिप आणि डेटा सांभाळून परत कसं यायचं?

नमस्कार मंडळी,

इथे एलिट डेंजरस हा अंतराळात भटकायचा गेम खेळणारं कोणी असेल तर प्लीज मदत करा. आत्तापर्यंत मी बबलमध्येच, म्हणजे सूर्याभोवतीच्या माणसांच्या वस्तीतच होते, माल ने-आण, थोडं मायनिंग, थोडं इंजिनियरिंग, पण हा गेम घेतला होता तो मुळात भटकायला, आपली आख्खी आकाशगंगा एकास एक प्रमाणात बनवलीये आणि आपण त्यातल्या एका कोपऱ्यात बटाटे वाहतोय हे काही पटत नाही. तर प्लॅन असा आहे की सोलहून (आपल्या सूर्यापासून) कॉलोनिया ही दूरची वसाहत, म्हणजे साधारण २२,००० प्रकाशवर्षं, तिथून सॅजिटेरियस ए स्टार, म्हणजे आकाशगंगेच्या मधोमधचं कृष्णविवर, आणि मग घरी. आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाच्या बीगल पॉइंटचं स्वप्न आहेच पण ते ६५,००० प्रकाशवर्षं लांब, ते नंतर बघू.

शिप डायमंडबॅक एक्सप्लोरर, पल्ला वाढवणारा गार्डियनचा बूस्टर लावलाय, एका जंपला, म्हणजे एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे मारलेल्या उडीला साठेक प्रकाशवर्षं जाते. ताऱ्यावरून इंधन भरणारा स्कूप चांगला आहे. वजन कमी करायला शील्ड काढून टाकावी असं काहीजण म्हणतात, तेही विचारायचंय.

भीती शिपची नाहीये, शिप पाच टक्के भरून परत मिळते. भीती डेटाची आहे, म्हणजे शोधलेल्या तारे-ग्रहांच्या नोंदींची, शिप फुटली की त्या जातात. माझा भाऊ कित्येक आठवडे फिरत होता, एका संध्याकाळी मी शेजारीच बसले होते, बर्फाळ ग्रह होता, खाली दरी एकदम सुंदर दिसत होती म्हणून त्याने नाक खाली घातलं आणि उतरायला लागला, पॅनेलवर गुरुत्वाकर्षण दोन जीच्या (पृथ्वीच्या दुप्पट) आसपास लिहिलेलं होतं पण ते त्याने बघितलंच नाही. उंचीचा आकडा असा काही पळायला लागला की त्याने नाक वर घेतलं तरी शिप खालीच जात राहिली. रिबाय (ते पाच टक्के) भरला, शिप मिळाली, पण डेटाचं पान कोरं. पहिल्यांदा शोधलेल्या कितीतरी ग्रहांवर त्याचं नाव लागणार होतं, ते सगळं गेलं.

तर प्रश्न: इंधन संपू नये म्हणून रूट कसा लावता? न्यूट्रॉन ताऱ्यांच्या झोतातून जंपसाठी मिळणारा बूस्ट घ्यावा की नवीन माणसाने नादी लागू नये? बरोबर काय काय न्यावं? ओपनमध्ये (इतर खेळाडूंबरोबर) खेळू की सोलोमध्ये (एकटीच)? आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधीही जाते, राउटर इन्व्हर्टरवर आहे पण पीसी नाही, मग शिपचं काय होतं?

प्रतिसाद:

इंधनाचं आधी सांगतो कारण बाकी सगळं नंतर. ज्या ताऱ्यांवरून इंधन भरता येतं ते सात प्रकार, के जी बी एफ ओ ए एम, सगळे खेळाडू केजीबी फोम म्हणूनच लक्षात ठेवतात. गॅलेक्सी मॅपमध्ये ताऱ्यांच्या प्रकाराचा फिल्टर लावा, हे सातच टिक करा आणि रूटला फिल्टर लागू करायचा जो पर्याय आहे तो चालू करा, नुसता नकाशा रंगवून उपयोग नाही. तपकिरी बटू, टी टॉरी, वुल्फ-रायेट यांच्यावर स्कूप चालत नाही, आणि टी टॉरी दिसायला इतका साधा तारा असतो की माणूस हमखास फसतो. तुमच्या टाकीत पूर्ण लांबीच्या सहाएक जंप बसतात, म्हणून निम्मी झाली की पुढचा भरण्यासारखा तारा येईल तिथे भरूनच पुढे जायचं.

तरी संपलंच तर फ्युएल रॅट्सना हाक मारा. २०१५ पासून खेळाडूंनीच चालवलेली संघटना आहे, फुकट इंधन आणून देतात, लांबवर अडकलात तरी येतात. फक्त एक लक्षात ठेवा, ऑक्सिजनचं काउंटडाऊन सुरू झालं की लगेच मेन मेन्यूवर बाहेर पडायचं, बाहेर असताना घड्याळ थांबतं, मग निवांत त्यांच्याशी बोला. आधी गेममध्येच बसून मेसेज टाइप करत राहिलात तर साध्या लाइफ सपोर्टला पाचच मिनिटं मिळतात.

प्रतिसाद:

शील्ड काढू नका!! सगळ्यात छोटी, डी ग्रेडची लावा, वजन नगण्य आहे आणि उतरताना जो किरकोळ दणका बसतो तो हलवर (शिपच्या सांगाड्यावर) येत नाही. उतरण्याआधी चार पिप्स (शिपच्या पॉवरचे भाग) सिस्टिम्सला, म्हणजे शील्डकडे. सिस्टिम मॅपमध्ये गुरुत्वाकर्षण आधीच दिसतं, एक जीच्या वर असेल तर ते मोठ्याने वाचायची सवय लावा, मी खरंच वाचतो. आणि नाक खाली घालून कधीच नाही, काही किलोमीटर वर असतानाच शिप आडवी करा आणि खालच्या थ्रस्टरने थोडं थोडं सोडत या, विहिरीत घागर सोडतो तसं. इंजिनाच्या बूस्टच्या बटणाला तेवढा वेळ हात लावायचा नाही.

सामानात दोन एएफएमयू (शिपचे भाग दुरुस्त करणारं यंत्र) न्या, एकच नको, कारण तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, दोन असले की एकमेकांना करतात. हलला ते चालत नाहीत, त्यासाठी रिपेअर लिंपेट (दुरुस्तीचे छोटे ड्रोन) लागतात. उष्णता बाहेर टाकणारे हीट सिंक हवेतच. दोन तारे एकमेकांना चिकटून असतात अशा ठिकाणी हायपरस्पेसमधून बाहेर आलं की शिप लगेच तापते, म्हणून जंप चालू असतानाच थ्रॉटल शून्यावर आणून ठेवायचा, ही एक सवय लागली तरी निम्मी सफर सुरक्षित झाली.

प्रतिसाद:

न्यूट्रॉनबद्दल माझं मत इथल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. बूस्टने रेंज चौपट होते हे खरं, कॉलोनियाचा कंटाळवाणा पल्ला त्यामुळे खूप कमी होतो हेही खरं, पण प्रत्येक बूस्टला एफएसडीची (जंप मारणाऱ्या इंजिनाची) थोडी झीज होते आणि माणूस एकामागून एक घेत सुटला की लक्ष उडतं, अपघात तेव्हाच होतात. घ्यायचाच तर झोताच्या शेपटाकडून, ताऱ्यापासून जितकं लांब जमेल तितकं, थ्रॉटल कमी ठेवून आत शिरा, तोंड कायम ताऱ्याच्या उलट दिशेला, बूस्ट मिळाल्याचा मेसेज आला की सरळ पुढे बाहेर. झोतात सुपरक्रूझ (ताऱ्याभोवती प्रकाशापेक्षा वेगाने जाणं) तुटलं तर शिप गिरक्या खाते आणि मॉड्यूल्सची वाट लागते. एफएसडी दुरुस्त करताना आधी नॉर्मल स्पेसमध्ये थांबा, चालू सुपरक्रूझमध्ये नाही. श्वेत बटूच्या झोताकडे तर फिरकूच नका, मिळतो फक्त निम्मा जादा पल्ला आणि झोत इतका आखूड की ताऱ्याच्या अगदी अंगाशी जावं लागतं.

ओपन-सोलोचं: मधल्या रिकाम्या भागात काही फरक पडत नाही, कोणी भेटतच नाही. पण कॉलोनिया, सॅजिटेरियस ए स्टार आणि परतताना बबल, इथे मुद्दाम एक्सप्लोररच्या मागावर असणारे असतात. पोचायच्या आधी लॉगआऊट करून सोलोमध्ये या, कमांडर (तुमचं पात्र) तोच, डेटाही तोच राहतो. यात भित्रेपणा वगैरे काही नाही.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, शील्ड परत लावली आणि दुसरा एएफएमयूसुद्धा बसवला. अजून दोनच गोष्टी, डेटा मध्येच कुठे विकता येतो का, की घरी येईपर्यंत जीव मुठीत धरूनच फिरायचं? आणि लाईटचं राहिलंच.

प्रतिसाद:

विकता येतो, आणि विकाच. कॉलोनियाच्या वाटेवर तेजोमेघांमध्ये स्टेशनं आहेत, जिथे युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स (डेटा विकत घेणारं ऑफिस) दिसेल तिथे रिकामं व्हायचं. खुद्द कॉलोनियात जॅक्स स्टेशन आहे, ते २०१६ मध्ये बीगल पॉइंटला जायला निघालेलं आणि उडी चुकल्यामुळे तिथे जाऊन पडलेलं, त्याच्याभोवती सगळी वसाहत उभी राहिली. तिथून सॅजिटेरियस ए स्टार साधारण ११,००० प्रकाशवर्षं. त्याच्याजवळ एक्सप्लोरर्स अँकरेज आहे, २०१९ च्या डिस्टंट वर्ल्ड्स २ मोहिमेत हजारो खेळाडूंनी मिळून ते उभं केलं, तिथेही विका. म्हणजे तुमच्या अख्ख्या सफरीत जोखीम एका टप्प्याच्या डेटाचीच राहते. नाव तर विकल्यावरच लागतं, उगाच साठवून ठेवण्यात काही फायदा नाही.

लाईटचं म्हणाल तर ढग भरून आलेत, वारा सुटलाय अशा संध्याकाळी न्यूट्रॉन आणि मोठ्या ग्रहावर लँडिंग दोन्ही टाळा, साधे जंप करा नाहीतर कमी गुरुत्वाकर्षणाच्या एखाद्या ग्रहावर उतरून तिथेच लॉगआऊट करा. आणि जमलं तर पीसीला एक छोटा यूपीएस घ्याच, त्याच्यावर पाच-दहा मिनिटं मिळाली तरी व्यवस्थित बाहेर पडता येतं.