यंदाचं ऊन खरंच रेकॉर्डतोड हाय का? 2007 अन् 2013 आठवत असलेल्यांनी सांगा

वरूडचा संत्रावाला
नमस्कार मंडळी. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूड भागात यंदा उन्हानं पार जीव काढला. मोबाईलवर रोज दुपारी 46-47 दाखवते. बाबा म्हणतात 2013 ले याच्याहून जास्त होतं, काका म्हणतात असं ऊन जन्मात पाह्यलं नाही, दोघांचं रोज यावरून वाजते. मले मात्र खरं समजून घ्यायचं हाय कारण संत्र्याचा बगीचा माझ्याकडे हाय. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची, फळं लिंबाएवढी होऊन पिवळी पडून राह्यली अन् गळून राह्यली, सकाळी झाडाखाली नुसता सडा. ठिबक जरा उशिरा सुरू केलं तं नळीतलं पहिलं पाणी हाताले चटका देते. जुने आकडे कोणाले माहीत असतील तं सांगा, अन् तुलना नेमकी कशी करावं तेही सांगा.

चांदा ते बांदा
भाऊ, एका दिवसाचा आकडा धरला तर बाबांचं बरोबर आहे. आमच्या चंद्रपूरला 2 जून 2007 ला 49 झालं होतं. नागपूरचा उच्चांक 47.9, 23 मे 2013 चा, आणि त्याआधीचा 47.8 होता तो 1954 च्या मे महिन्यातला. म्हणजे 59 वर्षांनी रेकॉर्ड मोडला तोही एका दशांशाने. त्यामुळे मोबाईलवर 47 दिसलं की रेकॉर्ड मोडला असं नसतं. मोबाईलचा आकडा तुमच्या गावात थर्मामीटर लावून घेतलेला नसतो, बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा अंदाज असतो. वेधशाळेत थर्मामीटर झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो, म्हणून 1954 आणि आजची तुलना होऊ शकते. 2024 च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर 56 दाखवलं, सगळीकडे व्हायरल झालं, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

अकोल्याची ताई
आकडे बरोबर पण मला तुमच्या काकांचं पटतं. 47 एक दिवस लागून दुसऱ्या दिवशी वादळ येऊन गेलं तर माणूस सावरतो, इथे 44-45 चं ठाण मांडून बसलंय ते उतरायचं नावच घेत नाही. आणि रात्रीचं बघा ना! टिनाच्या घरात मध्यरात्र झाली तरी कूलर गरम हवाच फेकतो, लहान लेकरं झोपत नाहीत, सकाळी बाई कामावर जाते ती अर्धी थकूनच. शरीराला रात्री गारवा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं, उष्माघाताची भीती तिथेच जास्त. आधी कवेलूची मातीची घरं होती, आता स्लॅब आणि टिनं, ती दिवसभर तापतात. म्हणून कमाल सोबत किमान तापमानही बघत जा, आणि एकूण किती दिवस चाललं तेही.

मोर्शी रोड
ताईनं बरोबर सांगितलं. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भातल्या ठिकाणांचा रोजचा तक्ता काढते, त्यात कमाल, किमान अन् सरासरीपेक्षा किती जास्त हे असते, अमरावतीची ओळ पाहत जा. नियम असा की मैदानी भागात 40 च्या वर अन् सरासरीहून साडेचार डिग्री जास्त झालं तं उष्णतेची लाट, अन् 45 गाठलं तं सरासरी पाहाचीही गरज नाही.
अजून एक, आता ऊन लवकर सुरू होऊन राह्यलं. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता. आंबियाची फळं तेव्हा गोटीएवढी असतात, मे च्या आधीच झाड थकते. माझं ऐकाल तं पाणी रात्री द्या, थोडं थोडं पण रोज, एकदम भरून देऊ नका, अन् आळ्यात गवत नाहीतर सोयाबीनचं कुटार (भुसा) जाड पसरवा. दुपारी तापलेल्या नळीतलं पाणी मुळाले देऊच नका.

वरूडचा संत्रावाला
लय धन्यवाद सगळ्याइले, बाबा-काका दोघांलेही वाचून दाखवलं. तक्ता सापडला, किमानचा रकाना पाहून धक्काच बसला, आम्ही तिकडे कधी पाह्यलंच नव्हतं. कुटार आजच टाकतो. पण मोर्शीवाले दादा, आमच्याकडे शेतीची लाईट एक हप्ता दिवसाची अन् एक हप्ता रात्रीची राह्यते. दिवसाच्या हप्त्यात तुम्ही पाणी कसं करता? टाकीत भरून ठेवता का?

मोर्शी रोड
हो, शेततळ्यात भरून ठेवतो अन् रात्री डिझेल इंजिनावर ठिबक चालवतो. खर्च लागते, पण मे चा महिनाच तसा हाय. तळं नसेल तं लाईट आल्याबरोबर पहाटेच सुरू करा, ऊन चढायच्या आत बंद.