आधी ऑइल बघा, मग इंजिन खोला
सकाळी थंड इंजिनला टकटक आवाज आणि दहा मिनिटांत तो आवाज बंद, एवढ्यावर मेकॅनिक इंजिन खोलायचं म्हणतोय तर जरा थांबा राव. आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा, ऑइल कमी असलं तरी टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजतात. माझ्या २००४ च्या गाडीला सेम आवाज होता, तिघांनी टॅपेटच सांगितलं आणि शेवटी निघालं काय तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातलं पॅकिंग), थंड असताना फटीतून गॅस फटफटायचा, लोखंड तापून फुगलं की फट बुजायची, जोडापाशी काळी काजळी पण दिसत होती (बघतंय कोण!). लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) आणि मूठ कानाला लावून ऐका, बेल्ट-फॅनपासून लांब राहून. पण इंजिनच्या खालून जड ठकठक येत असेल आणि चढावर वाढत असेल तर मात्र गाडी चालवू नका, इंजिनातलं बेअरिंग गेलेलं असू शकतं.