मेंढीकोटमध्ये हातात एकही मेंढी न येण्याची शक्यता किती?

हुकूम_लपवा:
मंडळी, एक भांडण मिटवा. सुट्टीत आमच्याकडे मेंढीकोट रंगलेला, चौघं जण, १३-१३ पत्ते. आतेभावाला लागोपाठ तीन डाव एकही मेंढी (म्हणजे दश्शी, दहाचा पत्ता) नाही आली आणि तो असला पेटलाय, म्हणे वाटणारा हातचलाखी करतोय. त्याचं लॉजिक असं की कॅटात ५२ पत्ते, त्यात दश्श्या ४, म्हणजे कुठलाही पत्ता दश्शी असायची शक्यता १/१३, मला पत्ते मिळतात १३, मग १३ × १/१३ = १, म्हणजे शंभर टक्के, एक तरी यायलाच पाहिजे. कायतरी गंडलंय हे दिसतंय, पण नेमकं कुठे ते त्याच्या गळी उतरवता येईना.

सव्वाशेर:
तो १ बरोबरे, फक्त ती शक्यता नाही, सरासरी आहे. भरपूर डाव खेळलात तर डावामागे सरासरी एक मेंढी पडते. पण कधी दोन येतात, कधी तीन, मग सरासरी एकच राहायची तर काही डाव कोरडे जाणारच ना!
शक्यता काढायची तर उलटीकडून जा. चारही मेंढ्या बाकी तिघांच्या ३९ पत्त्यांत असायला हव्यात. पहिलीसाठी ३९/५२, एक जागा भरली म्हणून दुसरीला ३८/५१, मग ३७/५०, ३६/४९. गुणाकार ०.३०४. म्हणजे साधारण ३०% डावांत हात रिकामा. एकच मेंढी ४४%, दोन २१%, तीन ४%, आणि चारही एकाच हातात जेमतेम पाव टक्का.

बदाम_सत्ती:
आणि चौघांना एकेक असं वाटप फक्त साडेदहा टक्के वेळा होतं. भावाचं खरं मानलं तर ते दर डावाला व्हायला पाहिजे, हेच सांग त्याला, गणित नको.

हुकूम_लपवा:
हे भारी आहे 😄 पण सलग तीन डाव?

सव्वाशेर:
०.३०४ चा घन, ०.०२८. ठरलेल्या एका माणसाला ठरलेल्या तीन डावांत म्हणशील तर ३६ त एकदा. पण तुम्ही चौघं आणि रात्रभर बसणार, कुणा ना कुणावर ही पाळी यायचीच. यावरून चोर पकडू नका.

कॅटवाला:
एक राहिलं, हे सगळं पत्ते नीट पिसले असतील तरच. मेंढीकोटात हात उचलले की एकाच रंगाचे पत्ते चार-चारच्या गठ्ठ्यात पडतात, आणि आपण पिसतो कसं, तर खालचा गठ्ठा उचलून वर, ते पण दोन-तीनदा, वर घाई. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की दोन गठ्ठे करून फर्रर करत एकात एक घुसवायचे असतील तर साधारण सात वेळा लागतं, आपल्या पद्धतीने तर कितीतरी जास्त. लबाडी नसेल, आळस नक्की असेल.

हुकूम_लपवा:
शेवटचं, माझ्याकडे एकही नाही असं दिसलं तर पार्टनरकडे एक तरी असेल का?

सव्वाशेर:
आता ३९ पत्त्यांत ४ मेंढ्या, त्यातले १३ पार्टनरचे. चारही विरोधकांच्या २६ मध्ये असायची शक्यता २६/३९ × २५/३८ × २४/३७ × २३/३६, म्हणजे १८%. म्हणून पार्टनरकडे असायची शक्यता ७० वरून ८२% वर जाते.