श्रेय लुईझ यांचंही आहे
‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या गरिबांची आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाचं सगळं श्रेय फ्रेंच धर्मगुरू संत व्हिन्सेंट द पॉल यांना देणं मला पटत नाही. १६३३ साली पॅरिसमध्ये खेड्यातल्या मुलींना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं ते लुईझ द मारियाक यांनी. विधवा बाई, पदरी एक मुलगा! धर्मभगिनी म्हणजे मठाच्या भिंतीआड, असा तो काळ. या मुली मात्र आजाऱ्यांच्या दारी जायच्या.

आणि या संघाची पहिली भगिनी मानली जाणाऱ्या मार्गरित नासोला कसं विसरायचं? सुरेन गावची ही मुलगी गुरं राखता राखता येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून अक्षरं विचारायची, मग इतर मुलींना शिकवायची. प्लेग झालेल्या बाईला तिनं आपल्या अंथरुणात जागा दिली आणि त्यातच ती गेली.

व्हिन्सेंटना संतपद १७३७ मध्ये मिळालं. लुईझसाठी १९३४ उजाडावं लागलं.